कुत्र्याचं नाक आणि पाणी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शेरू आमचा लॅब्राडोर, आता नऊ वर्षांचा आहे. आम्ही राहतो पुण्यात, गाव दापोलीकडे, त्यामुळे त्याचं अर्धं आयुष्य खडकवासल्याच्या काठावर गेलंय आणि अर्धं खाडीच्या चिखलात. पाण्याजवळ गेला की तो नाक वर करून उभा राहतो, कधी पाण्याला जीभ लावतो, कधी एकाच जागी परत परत जातो, आणि बघणारे लोक थांबून विचारतात की हा काय करतोय. नऊ वर्षांत बरंच वाचलं, कुत्र्यांना ट्रेनिंग देणाऱ्यांशी बोललो, आणि शेरूकडून तर रोजच शिकतोय. प्रश्न तेच तेच येतात म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

कुत्र्याला पाण्याचा वास येतो का हो?

एकदम शुद्ध पाण्याला वासच नसतो, त्यामुळे तसं बघितलं तर नाही. पण शुद्ध पाणी असतं कुठे? विहिरीच्या पाण्यात शेवाळ असतं, तळ्यात कुजलेली पानं, नळाच्या पाण्यात क्लोरीन, खाडीत मीठ, चिखल, मासे, सगळंच. कुत्र्याला वास येतो तो या सगळ्याचा. म्हणून उन्हाळ्यात डोंगरात फिरताना कुत्रं बरोब्बर पाणवठ्याकडे ओढायला लागतं, ओल्या मातीचा आणि शेवाळाचा वास त्याला आपल्या कितीतरी आधी लागलेला असतो.

म्हणजे ते पाणी हुंगतं की हवा?

हवा. ही एक गोष्ट डोक्यात बसली की खालची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील. पाण्यात जे काही आहे त्यातलं थोडं थोडं वर येतं, पृष्ठभागावर पसरतं, तिथून हवेत उडतं, मग वारा ते उचलून नेतो आणि तेव्हा कुठे ते कुत्र्याच्या नाकात पोचतं. म्हणजे वास आधी पाण्याच्या प्रवाहाबरोबर प्रवास करतो आणि नंतर वाऱ्याबरोबर, आणि हे दोन प्रवास एकाच दिशेने असतील असं अजिबात नाही, वारा पूर्वेकडे आणि पाणी दक्षिणेकडे असंही असतं. कुत्रं बिचारं दोन्हींचा मेळ घालून उत्तर देत असतं आणि आपण पट्टा ओढत म्हणतो, चल रे, काही नाहीये तिथे.

नाक एवढं तेज असतं म्हणजे नेमकं किती?

आकडे सांगतो पण आकड्यांनी पूर्ण कळत नाही. आपल्या नाकात वास पकडणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख, कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे २० ते ३० कोटी. हुंगताना ते सेकंदाला पाचेक वेळा झटपट श्वास घेतं. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की नाकपुडीच्या बाजूला ज्या चिरा दिसतात ना, श्वास सोडताना हवा तिथून मागे आणि बाजूला जाते, त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही, उलट ताजी हवा आत ओढली जाते. शिवाय आत आलेल्या हवेतला थोडा भाग नाकाच्या मागच्या कप्प्यात वेगळा जातो, तो फक्त वासासाठी. आपल्या नाकात असा वेगळा रस्ताच नाही.

नाक कायम ओलं का असतं?

नाकातला पातळ चिकट स्राव आणि वर सारखी जीभ फिरवणं, दोन्हीमुळे. ओल्या जागेवर वासाचे कण चिकटतात, विरघळतात, म्हणून ओलं नाक जास्त कामाचं. पण कोरडं नाक दिसलं की लगेच आजारी आहे असं धरू नका, झोपून उठल्यावर शेरूचं नाक कायम कोरडंच असतं.

कुत्रं पाण्यात तोंड बुडवून वास घेऊ शकतं का?

नाही. पाण्याखाली श्वास आत ओढला तर पाणीच आत जाणार. हे जमतं ते दुसऱ्याच प्राण्यांना. अमेरिकेत केनेथ कटानिया नावाचे शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००६ साली दाखवलं की तारेसारखं नाक असलेली एक चिचुंद्रीसारखी जात पाण्याखाली नाकातून बुडबुडा सोडते आणि तोच बुडबुडा परत आत ओढते, बुडबुड्याला लागलेला वास तिला मिळतो. कुत्र्याच्या बाबतीत असं काही दिसलेलं नाही. पोहताना त्याचं नाक पाण्याच्या जेमतेम दोन-चार बोटं वर असतं, आणि पृष्ठभागावरचा वास तिथेच सगळ्यात दाट असतो, त्यामुळे पाण्यात डोकं घालायची त्याला गरजही पडत नाही.

मग तो पाणी चाटतो, कधी कधी चावतो, ते काय?

तहान लागली असेल तर गोष्ट वेगळी, पण एकाच जागी दोन वेळा जीभ लावून थांबतो, परत लावतो, तेव्हा बहुतेक तो वासाचंच काम करत असतो. कुत्र्याच्या वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूत बारीक छिद्रं असतात, ती नाक आणि तोंड यांच्यामधल्या एका खास अवयवाला जोडलेली असतात. जे कण हवेत नीट उडत नाहीत ते जिभेवरून तिथे पोचवता येतात. पाण्यातल्या शोधकामात तयार झालेले कुत्रे बोटीवरून खाली वाकून पाणी चाटतात, तोंडाने पकडायला बघतात, काही जण पाण्यावर भुंकतात, आणि हँडलर लोक, म्हणजे त्या कुत्र्यांकडून काम करून घेणारे, ही खूण फार गांभीर्याने घेतात.

वाऱ्याचं एवढं काय महत्त्व?

सांगतो, माझ्याच चुकीवरून सांगतो. चारेक वर्षांपूर्वी गावी दिवाळीनंतर सकाळी किनाऱ्यावर फिरत होतो, ओहोटी होती, वाळू रिकामी. शेरू एकदम थांबला, तोंड उत्तरेकडे, नाक वर, शेपूट ताठ. मी ओढलं, तो हलेना. मी परत ओढलं, जरा ओरडलो पण, आणि घरी घेऊन आलो. संध्याकाळी कळलं की उत्तरेकडच्या टोकाला, आम्ही उभे होतो तिथून पाऊण किलोमीटर तरी असेल, खडकांच्या पलीकडे मेलेला डॉल्फिन लाटांनी आणून टाकला होता. वारा सकाळी तिकडूनच येत होता. त्याने मला सगळं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही याचं मला अजूनही वाईट वाटतं. त्या दिवसापासून तो थांबला की मी पण थांबतो, आधी गालावर वारा कुठून लागतोय ते बघतो आणि मग त्या दिशेला नजर टाकतो.

आता कारण. वास उगमापासून निघाला की वाऱ्याबरोबर पसरत जातो, सुरुवातीला अरुंद आणि पुढे रुंद, पावसात टॉर्च लावल्यावर उजेडाचा जसा पट्टा दिसतो तसा. जमिनीवर झाडं, भिंती, गाड्या या पट्ट्याला तोडतात, वळवतात, पण पाण्यावर अडवायला काहीच नसतं त्यामुळे तो लांबवर सलग जातो. म्हणूनच समुद्रावर कुत्रे दीड-दोन किलोमीटरवरचा वास पकडू शकतात, पुढे व्हेलचं उदाहरण आहे ते वाचा.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ते इथे कामाला येतं. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वारा, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुत्र्याला समुद्रातलं कळणार. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे तेच कुत्रं समुद्राकडे पाठ करून गावाकडे नाक करून बसणार. भर दुपारी मे महिन्यात तर काही विचारू नका, गरम हवा सरळ वर जाते, वासही वर जातो, आणि कुत्रं धापा टाकत असतं. धापा टाकताना त्याला नीट हुंगता येत नाही, म्हणजे वास घ्यायचं काम बरंच मंदावतं. पहाटेची गार वेळ सगळ्यात चांगली, पाणी आणि हवा दोन्ही शांत, वास पाण्याला धरून राहतो.

सिनेमात चोर नदीत उतरतो आणि कुत्र्यांना माग लागत नाही, खरं आहे का?

अर्धंच खरं. वाहत्या पाण्यात पावलाचा माग राहत नाही हे बरोबर, पण माणसाच्या अंगावरून सतत त्वचेचे बारीक कण गळत असतात, ते पाण्यावर तरंगत खाली जातात आणि काठावरच्या गवताला, मुळांना, दगडांच्या फटींना चिकटतात. शिवाय ओला माणूस बाहेर येतो तेव्हा कपड्यातून पाणी ठिबकत असतं. चांगला हँडलर कुत्र्याला दोन्ही काठांनी नेतो, प्रवाहाच्या खाली आणि वर, आणि माणूस जिथे बाहेर पडला तिथे कुत्रं परत माग धरतं. यात वेळ जातो हे खरं, आणि पळणाऱ्याला तेवढाच काय तो फायदा. पूर आलेली रुंद नदी असेल तर मात्र काम फार अवघड होतं, तिथे कुत्र्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये.

पाऊस पडला की वास धुवून जातो ना?

मुसळधार पडला तर बराचसा जातो. पण रिमझिम पावसाने उलटं होतं, सुकलेले कण ओले होऊन परत वास द्यायला लागतात. दमट हवेत वास टिकतो पण चांगला आणि कुत्र्याचं नाकही ओलं राहतं. पावसाळ्यात सकाळी फिरायला नेलं तर शेरूला नेहमीच्या गल्लीला दुप्पट वेळ लागतो, प्रत्येक खांबाजवळ जणू रात्रीचा सगळा पेपर वाचून काढतो.

पहिल्या पावसाचा मृद्गंध तर आपल्यालाही येतो. मातीतले सूक्ष्म जीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचा तो वास. थेंब कोरड्या मातीवर आपटला की त्यात बारीक बुडबुडे तयार होतात, ते वर येऊन फुटतात आणि मातीतला वास हवेत उडवतात, हे २०१५ साली अमेरिकेत एमआयटीमधल्या शास्त्रज्ञांनी जलद कॅमेऱ्याने टिपलं. त्यामुळे पाऊस चार वाड्या पलीकडे पडत असतानाच कुत्रं अंगणात येऊन नाक वर करतं यात मला नवल वाटत नाही.

बुडालेल्या माणसाला कुत्रं कसं शोधतं? पाण्याखालचं कसं कळतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि दर पावसाळ्यात धरणांवर, धबधब्यांवर मुलं बुडतात त्या बातम्या वाचल्या की मलाही सगळ्यात महत्त्वाचा हाच वाटतो.

माणूस बुडाला की देह आधी खाली जातो. शरीरातली तेलं, त्वचेचे कण आणि नंतर कुजताना तयार होणारे वायू हळूहळू वर येत राहतात. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. वायूचे बुडबुडे वर येऊन फुटतात. पाण्याच्या पृष्ठभागावर असा एक न दिसणारा डाग तयार होतो आणि तिथून वास हवेत जातो. कुत्र्याला बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला, नाळेवर बसवतात. बोट वाऱ्याच्या खालच्या बाजूने, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या टोकाकडून, सुरू करतात आणि वाऱ्याला आडवे पट्टे मारत, नांगरट केल्यासारखे, वारा जिकडून येतो तिकडे हळूहळू सरकत जातात. इंजिनाचा धूर मागे राहिला पाहिजे हे पण बघावं लागतं, नाहीतर कुत्र्याला पेट्रोलशिवाय दुसरं काही लागणार नाही. खूपदा वल्ही मारतात किंवा इंजिन अगदी मंद ठेवतात.

मग बघायचं कुत्र्याकडे, पाण्याकडे नाही. आधी डोकं एका बाजूला वळतं, मग अंग कडेला झुकतं, कान बदलतात, शेपटीची चाल बदलते, बोट पुढे गेली की ते मागे वळून बघतं, म्हणजे वास मागे राहिला. वास दाट झाला की भुंकणं, पाणी चाटणं, कधी तर सरळ उडी मारायला निघणं. ती जागा जीपीएसवर टिपतात, बोट दुसऱ्या दिशेने परत आणतात, आणि शक्य असेल तर दुसरं कुत्रं आणतात, पहिल्याने कुठे खूण दिली ते त्याच्या हँडलरला न सांगता. दोघांनी एकाच भागात खूण दिली की मगच पाणबुडे उतरतात.

ट्रेनिंगमध्ये पाण्याखाली नळी सोडून तळातून वासाची हवा पंपाने सोडतात, किंवा पाणबुड्या खाली जाऊन बसतो, त्याच्या बुडबुड्यांबरोबर त्याचा वास वर येतो आणि कुत्र्याला पहिला धडा मिळतो की पाण्याखाली पण माणूस असू शकतो. कुत्र्याला हे उपजत माहीत नसतं, शिकवावं लागतं, आणि शिकवणाऱ्यांची यात वर्षं जातात.

कुत्र्याने खूण दिली तिथेच खाली देह सापडतो का?

बहुतेक वेळा नाही, आणि घरच्या लोकांना हे कोणीतरी आधीच सांगायला हवं. पाणबुडा त्या जागी उतरतो, काही सापडत नाही, काठावर लोक म्हणायला लागतात कुत्रं खोटं निघालं. कुत्रं खोटं नसतं. वास तळातून वर येता येता प्रवाहाने खाली सरकलेला असतो, मग वाऱ्याने आणखी पुढे. खोली जास्त तेवढं सरकणं जास्त. त्यात उन्हाळ्यात धरणाचं पाणी थरांचं असतं, वरचं कोमट आणि खालचं गार, त्या थराशी वास अडकतो आणि आडवा पसरतो. म्हणून खूण मिळाली की प्रवाह आणि वारा धरून मागे हिशोब करावा लागतो. अख्खं धरण शोधायचं होतं ते दोन-तीन एकरांवर आलं तरी पाणबुड्यांचे कित्येक तास आणि घरच्यांचे कित्येक दिवस वाचतात. आपल्याकडच्या कोमट पाण्यात देह बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत स्वतःच वर येतो, पण गार आणि खोल पाण्यात, किंवा झाडाच्या खोडाखाली, कपारीत अडकला असेल तर येतच नाही, तिथे कुत्र्याची खरी गरज पडते.

आपल्याकडे असे कुत्रे आहेत का?

आहेत. एनडीआरएफकडे श्वानपथकं आहेत, त्यांची ५ वी बटालियन पुण्याजवळ तळेगावच्या बाजूला सुदुंबरे इथे आहे. त्यांचं मुख्य काम ढिगाऱ्याखालचं. मृतदेह शोधायला खास तयार केलेल्या कुत्र्यांमध्ये केरळ पोलिसांच्या माया आणि मर्फी या दोन बेल्जियन मॅलिनॉइसचं नाव मोठं आहे, २०२४ च्या वायनाड दरडीनंतर ते तिथे होते. पुढच्या वर्षी २२ फेब्रुवारी २०२५ ला तेलंगणात श्रीशैलम डाव्या कालव्याचा बोगदा कोसळला, आठ जण अडकले, आत पाणी आणि गाळ आणि मोडलेलं मशीन, तिथेही केरळहून हेच कुत्रे नेले होते. गाळ आणि पाणी एकत्र असलं की वासाला वर यायला फटीच मिळत नाहीत, ती परिस्थिती मोकळ्या पाण्यापेक्षा कठीण. तशा जागी काम केलेल्या कुत्र्यांना आणि त्यांच्या हँडलरना माझा मनापासून नमस्कार आहे. माझं स्पष्ट मत आहे की महाराष्ट्रात एवढी धरणं आणि ७२० किलोमीटर म्हणता म्हणता त्याहून लांब मोजला गेलेला किनारा असताना फक्त पाण्यावरच्या शोधासाठी तयार केलेली कुत्री जिल्ह्या-जिल्ह्यात असायला हवीत.

व्हेलची शी शोधणारे कुत्रे असतात म्हणे, खरंच?

खरंच, आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे ही.

अटलांटिकमध्ये राइट व्हेल म्हणून फार थोडे उरलेले व्हेल आहेत. त्यांना त्रास न देता त्यांची तब्येत बघायची तर शी मिळवणं हा चांगला मार्ग, त्यात हार्मोन असतात, ताण कळतो, मादी गाभण आहे का ते कळतं. पण ती समुद्रात तरंगते थोडाच वेळ, मग बुडते, आणि समुद्र केवढा! रोझालिंड रोलँड या शास्त्रज्ञ बाईंनी २००३ पासून कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात बोटीवर कुत्रे नेले, त्यात फार्गो नावाचा रॉटवायलर होता. नुसतं डोळ्यांनी शोधण्यापेक्षा चौपटीहून जास्त नमुने मिळाले आणि सगळ्यात लांबची खूण १.९३ किलोमीटरवरून होती. जवळजवळ दोन किलोमीटर, लाटांवर हलणाऱ्या बोटीतून!

दुसऱ्या बाजूला, अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात सॅन जुआन बेटांजवळ, ऑर्का म्हणजे किलर व्हेलसाठी टकर नावाचा काळा लॅब्राडोर मिक्स काम करायचा. सिएटलच्या रस्त्यावर भटकणारा कुत्रा होता तो. आणि त्याला पाण्यात उतरायला आवडायचंच नाही. बोटीच्या टोकाला उभा राहायचा, वास लागला की त्या बाजूला झुकायचा, हँडलर बाई त्याच्या झुकण्यावरून बोट चालवणाऱ्याला डावीकडे उजवीकडे सांगायच्या, नमुना हाती आला की टकरला त्याचा बॉल. बस, एवढंच बक्षीस.

या नमुन्यांमधून सॅम्युएल वॉसर यांच्या टीमने २०१७ साली छापलं की २००८ ते २०१४ मध्ये तिथल्या ऑर्कांच्या गर्भधारणांपैकी ६९ टक्क्यांपर्यंत यशस्वी झाल्या नाहीत, आणि याचा संबंध त्यांचं मुख्य खाणं असलेला चिनूक सॅमन कमी होण्याशी आहे. कुत्र्याच्या नाकावरून सुरू झालेली गोष्ट नदीवरच्या धरणांपर्यंत आणि मासेमारीपर्यंत जाऊन पोचते, म्हणून मला ती एवढी आवडते. आपल्या खाडीत पाणमांजरं आहेत, त्यांचीही शी ठरावीक खडकांवर असते आणि शेरू तिथून हलतच नाही. कोणी अभ्यासकाने अशा कुत्र्यांचा वापर करावा असं मला फार वाटतं.

पाईपलाईनचं लिकेज कुत्रं शोधतं ते कसं?

क्लोरीनच्या वासावरून. शुद्ध केलेलं पाणी जमिनीखाली गळत असेल तर मातीतून क्लोरीनचा वास वर येतो, साध्या ओलीत तो नसतो. इंग्लंडमध्ये युनायटेड युटिलिटीज कंपनीसाठी स्नाइप नावाच्या स्पॅनियलने हे काम केलंय, अमेरिकेत आर्कान्सातही पाणीपुरवठावाल्यांनी व्हेसल नावाचा कुत्रा ठेवला. माळरानातून जाणाऱ्या लांब लाईनवर हे फार उपयोगी, जिथे गळती सहज दिसत नाही. आणखी एक काम म्हणजे बोटींना चिकटलेले परके शिंपले शोधणं, कॅनडात अल्बर्टा प्रांतात २०१५ पासून त्यासाठी कुत्रे आहेत, एका तळ्यातली बोट दुसऱ्या तळ्यात नेताना बोटीबरोबर जाणारे बारीक शिंपले ते पकडून देतात.

यासाठी लॅब्राडोरच लागतो का?

नाही. लॅबचे पूर्वज न्यूफाउंडलँड बेटावर मच्छीमारांबरोबर पाण्यात काम करायचे त्यामुळे त्याला पाण्याची ओढ असते, पण नाक गावठी कुत्र्यालाही उत्तम असतं. कामाची आवड आणि खेळण्यासाठी वेड असणं जास्त महत्त्वाचं. चपट्या तोंडाच्या पगसारख्या जातींना मात्र श्वासाचाच त्रास असतो, त्यांना यात ओढू नका.

एवढं नाक आहे तर घाण पाणी कसं पितो? धोका कळत नाही का?

कळत नाही. वास येणं आणि धोका समजणं या वेगळ्या गोष्टी आहेत, उलट ज्याला जास्त वास त्याच्याकडे ते ओढलं जातं. यात माझी कळकळीची विनंती आहे, नीट वाचा.

पावसाळ्यात डबक्यात उंदरांचं मूत मिसळतं आणि त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, माणसांना होतो तसा कुत्र्यांनाही. ताप, उलट्या, जेवण सोडणं, पुढे कावीळ, किडनी जाते. दरवर्षीच्या इंजेक्शनमध्ये लेप्टो आहे का ते डॉक्टरांना मुद्दाम विचारा, आणि ते घेतलं तरी सगळे प्रकार अडत नाहीत म्हणून डबक्यातलं पाणी टाळाच.

तळ्यावर हिरवा-निळा रंग ओतल्यासारखा थर दिसला तर कुत्र्याला जवळ नेऊ नका. त्यातलं काही शेवाळ विषारी असतं, त्याला मातीसारखा वास येतो, कुत्र्याला तो आवडतो, काठावर सुकलेला थर चाटतं, अंगावरचा चाटतं आणि काही तासांत दगावू शकतं.

समुद्राचं पाणी जास्त पोटात गेलं तर उलट्या-जुलाब आणि शरीरात मीठ वाढून झटके येऊ शकतात. आपलं गोडं पाणी बरोबर न्या, दर पंधरा-वीस मिनिटांनी द्या. आणि कोकणातल्यांनी खास लक्ष द्या, जाळ्यातून फेकलेले केंड मासे किनाऱ्यावर पडलेले असतात, फुगणारे, काटेरी. केंड विषारी असतो. वास घेता घेता कुत्रं ते तोंडात धरतं. "सोड" हा शब्द त्याला बाकी कशाच्याही आधी शिकवा.

मेलेल्या माशावर लोळतो, का?

पक्कं कारण कोणालाच सिद्ध करता आलेलं नाही. कोणी म्हणतं स्वतःचा वास लपवायला, कोणी म्हणतं बाकीच्यांना बातमी द्यायला. ओरडू नका, आंघोळ घाला.

ओल्या कुत्र्याला एवढा वास का येतो?

केसांवर राहणारे जीवाणू आणि यीस्ट जे वासाचे पदार्थ तयार करतात ते पाण्याबरोबर सुटून हवेत येतात. अंग झटकू द्या, अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं की केसाळ प्राणी झटकून काही सेकंदांत ७० टक्क्यांच्या आसपास पाणी उडवतात. मग टॉवेल, आणि कान आतून कोरडे करायला विसरू नका.

घरी काही शिकवता येईल का?

येईल, खेळ म्हणून. झाकणाला भोकं पाडलेल्या डबीत त्याच्या आवडीच्या कापडाचा तुकडा ठेवा, आधी ओल्या गवतात लपवा, वाऱ्याच्या खालच्या बाजूने त्याला आणा आणि गप्प उभे राहा. सापडलं की लगेच बॉल. पुढे डबी टबात तरंगत ठेवा, मग उथळ तळ्यात काठाजवळ. पंधरा मिनिटं पुष्कळ झाली, नाक थकतं, डोकं पण थकतं. हातात चिमूटभर टाल्कम पावडर ठेवा, उडवून बघा वारा कुठे जातोय, आणि त्याचं तोंड कुठे वळतं ते बघा. आठवड्याभरात त्याच्या नाकाची भाषा तुम्हाला कळायला लागेल.

धरणावर कोणी बुडालं तर मी माझा कुत्रा नेऊ का?

नेऊ नका. न शिकवलेलं कुत्रं तिथे काठावरचे वास, माणसांची गर्दी, रडणं या सगळ्याने गोंधळतं, आणि कामाच्या कुत्र्याचं लक्ष तुमच्या कुत्र्याकडे जातं. ११२ ला फोन करा, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७ आहे. माणूस शेवटचा जिथे दिसला ती जागा काठावरून एखाद्या झाडाच्या किंवा खडकाच्या रेषेत धरून लक्षात ठेवा, किती वाजले ते लिहा, वारा कुठून होता ते लिहा, धरणातून पाणी सोडत होते का ते लिहा. त्याचे चपला-कपडे काठावर असतील तर कोणाला हात लावू देऊ नका, उचलायचेच असतील तर स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत, एकट्याचेच, वेगळे. बोट आणि कुत्रं येईपर्यंत हा कागद आणि ती पिशवी एकाच माणसाने सांभाळायची, आणि हँडलर आला की सरळ त्याच्याच हातात द्यायची.